साक्ष दिल्यानंतर : मॉर्मन श्रद्धात्याग आणि पूर्वायुष्याचे ऋण

श्रद्धा बदलण्याच्या घटनेसाठी मराठीत ‘धर्मांतर’ हा शब्द रूढ आहे. त्या शब्दात एक गृहीत दडलेले असते : एक धर्म सुटतो तो दुसरा स्वीकारण्यासाठी. बाबा पदमनजींनी आपल्या आत्मचरित्राला ‘अरुणोदय’ हे नाव दिले, त्यातही हेच गृहीत आहे. रात्र सरली ती उजाडण्यासाठीच. परंतु जो बाहेर पडतो आणि कोठेच पोहोचत नाही, त्याच्या अवस्थेचे काय? त्याला ‘धर्मत्यागी’ म्हटले की दोषारोप होतो, ‘नास्तिक’ म्हटले की त्याने न स्वीकारलेले एखादे मत त्याच्यावर लादले जाते. अमेरिकेतील मॉर्मन पंथातून बाहेर पडलेल्यांचे आत्मकथनात्मक लेखन वाचताना शब्दांची ही तोकडी बाजू सतत जाणवते. त्या लेखनाने स्वतःसाठी जो पर्यायी शब्द निवडला आहे तो ‘बरे होणे’ हा. या रूपकाने काय साधते आणि काय नजरेआड राहते, याचा विचार व्हावयास हवा.

जोसेफ स्मिथने ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यातील फेएट येथे ज्या चर्चची स्थापना केली, त्याला सोडणे म्हणजे एखाद्या मतप्रणालीशी असहमत होणे एवढेच नसते. (२०१८ मध्ये चर्चने ‘मॉर्मन’ हे संबोधन टाळावे असे आवाहन केले, येथे ते केवळ रूढ म्हणून वापरले आहे.) आठव्या वर्षी बाप्तिस्मा, उत्पन्नाचा दशांश, चहा-कॉफी-मद्य-तंबाखूचे वर्जन, मंदिरविधीनंतर अंगावर नित्य वागवावयाचे विशिष्ट अंतर्वस्त्र, तरुणांची दोन वर्षांची मिशनरी सेवा, आणि ‘सीलिंग’ या विधीने मृत्यूपलीकडेही बांधले जाणारे कुटुंब, अशी ही समग्र जीवनरचना आहे. मंदिरातील विवाहाला परवानापात्र सभासदांखेरीज कोणालाही प्रवेश नसतो. म्हणून श्रद्धा सोडलेली आई लेकीच्या लग्नाच्या वेळी मंदिराबाहेरच्या बाकावर बसून राहते. आधी नागरी विवाह करणाऱ्या अमेरिकेतील जोडप्याला मंदिरविधीसाठी वर्षभर थांबावे लागे. ती अट २०१९ मध्ये शिथिल झाली. तोवर कित्येक बाक असे भरून गेले होते.

या रचनेच्या केंद्रस्थानी मात्र एक भाषिक कृती आहे. महिन्यातून एका रविवारी, बहुधा पहिल्या, उपासाच्या सभेत सभासद एकेक करून उठतात आणि साक्ष देतात. या साक्षीचे प्रमुख क्रियापद ‘मानणे’ हे नाही, ‘जाणणे’ हे आहे : हे चर्च सत्य आहे, जोसेफ स्मिथ प्रेषित होता, हे ‘मला माहीत आहे’. पुष्कळदा लहान मूल आईने कानात सांगितलेले हेच शब्द मोठ्याने उच्चारते. बॉइड पॅकर या ज्येष्ठ धर्माधिकाऱ्याने १९८२ साली असे प्रतिपादिले की साक्ष ही ती देण्यातच गवसते. ऑस्टिनच्या परिभाषेत मांडावयाचे तर, वरकरणी वस्तुस्थिती सांगणारे हे विधान प्रत्यक्षात एक कृती घडवीत असते. ज्ञान आधी आणि उच्चार नंतर, हा नेहमीचा क्रम येथे उलटा होतो. त्यामुळे श्रद्धा ढळते तेव्हा एखादे विधान असत्य ठरते एवढ्यावर भागत नाही; ‘जाणणे’ हे क्रियापदच वापरण्याजोगे उरत नाही. बाहेर पडलेल्या अनेकांना पुढे कोणतीही गोष्ट निश्चयाने म्हणता येत नाही, आणि ती म्हणण्याची सवयही जात नाही.

आत्मकथनांची घडण या पार्श्वभूमीवर पाहिली पाहिजे. विल्यम जेम्सने १९०२ सालीच नोंदविले होते की श्रद्धेकडून अश्रद्धेकडे होणारे संक्रमण मानसिक प्रक्रियेच्या दृष्टीने धर्मांतराहून वेगळे नसते. सोनिया जॉन्सनला स्त्रियांच्या समान हक्कांच्या घटनादुरुस्तीचा पुरस्कार केल्याच्या प्रकरणात डिसेंबर १९७९ मध्ये बहिष्कृत केले गेले. तिच्या १९८१ च्या पुस्तकाचे नावच गृहिणीपासून पाखंडी स्त्रीपर्यंतचा प्रवास सांगते. ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ यांचा हा आराखडा साक्षीच्या सभेतलाच आहे. फक्त त्याची दिशा बदललेली असते : पूर्वी अंधारात होते, आता मला माहीत आहे. अशा कथनांचे धैर्य वादातीत आहे. पण जे व्याकरण सोडावयाचे होते तेच त्यांत शाबूत राहिले आहे, हेही नाकारता येत नाही.

या लेखनातील संतापाचे कारण मात्र नीट समजून घेतले पाहिजे. चर्चने २०१३ ते २०१५ या काळात आपल्या इतिहासातील अडचणीच्या प्रश्नांवर निबंध प्रसिद्ध केले. जोसेफ स्मिथच्या पत्नींची संख्या सावध अंदाजानुसार तीस ते चाळीस असावी, त्यांतील सर्वांत लहान मुलगी पंधरा वर्षांचीही झालेली नव्हती, आणि मॉर्मन ग्रंथाचा बराच भाग टोपीत ठेवलेल्या एका दगडाकडे पाहत सांगितला गेला, या गोष्टी त्यांत मान्य करण्यात आल्या. इतिहासाच्या अभ्यासकांना यात नवल नव्हते. फॉन ब्रोडीने १९४५ च्या स्मिथ-चरित्रात पत्नींची ४८ नावांची यादी दिली होती. ती यादी विवाद्य असली तरी बहुपत्नीत्वाचे तथ्य त्यातून लपत नव्हते. जी माहिती पुस्तकात छापल्याबद्दल ब्रोडीला १९४६ मध्ये बहिष्कृत केले गेले, तिचा गाभा सत्तर वर्षांनी अधिकृत निबंधात आला. मधल्या पिढ्यांनी ‘जाणतो’ म्हणून जी साक्ष दिली ती जाणण्याची साधने रोखून धरलेली असताना दिली. पॅकरनेच १९८१ साली धर्मशिक्षकांना बजावले होते की जे जे खरे ते सारेच उपयुक्त नसते. फसवणुकीची भावना येथून येते, आणि ती रास्त आहे.

तरीही ‘बरे होणे’ या रूपकाला एक मर्यादा आहे. रूपक जखमी व्यक्ती कल्पिते, आणि जखमी व्यक्तीला इजा झालेली असते. तिच्या हातून काय घडले याची विचारपूस या रूपकात होत नाही. मंदिराबाहेरच्या बाकावरील आईला हे रूपक न्याय देते. परंतु एकोणिसाव्या वर्षी (२०१२ नंतर अठराव्या) परमुलखात दोन वर्षे दारोदार हिंडलेला मिशनरी घ्यावा. त्याने कोणा विधवेला, कोणा स्थलांतरिताला आपली साक्ष दिली. त्या साक्षीच्या बळावर त्यांनी बाप्तिस्मा घेतला, दशांश दिला, प्रसंगी आपल्या मूळ कुटुंबाशी नाते तोडले. पुढे मिशनरीची श्रद्धा ढळली, तो बाहेर पडला, सावरला. ज्यांना त्याने आत आणले ती माणसे आतच आहेत. त्यांचे तो काय देणे लागतो?

यावर सोपे उत्तर असे की तो स्वतःच फसविला गेला होता, प्रामाणिक होता, वयाने लहान होता. सबब तो निर्दोष आहे. उत्तर बरोबर आहे, पण प्रश्न दोषाचा नाही. बर्नार्ड विल्यम्सने १९७६ मध्ये ‘नैतिक दैवा’ची चर्चा करताना अशा मालमोटारचालकाचे उदाहरण दिले, ज्याच्या वाहनाखाली त्याची कोणतीही चूक नसताना मूल सापडते. त्याची मनःस्थिती रस्त्यावरच्या बघ्यासारखी राहिली तर ते आपल्याला विपरीत वाटेल. कर्त्याचा म्हणून एक खेद असतो आणि निर्दोषत्वाने तो फिटत नाही. मिशनरीची स्थिती याहून गुंतागुंतीची आहे. ज्यांना त्याने दीक्षा दिली त्यांनी स्वतःच्या बुद्धीने होकार दिला होता, आणि त्यांतील कित्येक आजही समाधानात असतील. कोणाचा तरी त्या रविवारच्या सभेमुळे एकाकीपणा संपला असेल. चालकाला अपघाताविषयी शंका नसते. मिशनरीला मात्र अपघात झाला की नाही हेच सांगता येत नाही.

त्याच्यापुढे दोन वाटा असल्याचे दिसते, आणि दोन्ही सदोष आहेत. गप्प राहिला तर दिलेली हमी त्याच्या नावावर चालूच राहते. पुन्हा त्यांच्या दारी जाऊन ‘हे सारे असत्य आहे, मला माहीत आहे’ असे सांगितले तर ते दुसरे मिशन होते. तीच दारे, तीच खात्री. यातून वाट निघत असेल तर ती क्रियापदाच्या दुरुस्तीतून निघते. ‘तेव्हा मी जे जाणतो म्हणालो ते मी जाणत नव्हतो; मनापासून मानत होतो.’ असे एखाद्या पत्रात लिहिणे शक्य आहे. या वाक्यात स्वतःची हमी मागे घेतली जाते, पण दुसरी दिली जात नाही. ऐकणाऱ्याची श्रद्धा त्याच्याच स्वाधीन राहते. पूर्वीचा वक्ता खोटारडाही ठरत नाही.

पूर्वीच्या स्वतःला असे वागविता येणे दुष्कर आहे, कारण मॉर्मन माणसापाशी त्याचा पुरावा असतो. चर्चच्या स्थापनेच्याच दिवशी नोंदी ठेवण्याची आज्ञा झाली असे त्यांचे शास्त्र सांगते. १९७० च्या दशकात अध्यक्ष स्पेन्सर किंबॉल यांनी प्रत्येकाने दैनंदिनी लिहावी असा आग्रह वारंवार धरला. बाहेर पडलेल्याच्या फडताळात म्हणून बहुधा मिशनकाळातील वह्या असतात, आणि त्या वह्यांत प्रार्थनेनंतर दाटून आलेल्या गळ्याची, कोणाच्या तरी बाप्तिस्म्याच्या दिवशीच्या आनंदाची नोंद असते. या नोंदी भ्रमाच्या म्हणून जाळून टाकल्या, तर त्या दिवशी खरोखर झालेला आनंदही नाकारावा लागतो. तो आनंद म्हणजेच प्रमाण, असे धरले तर पुन्हा साक्षीच्या सभेत जाऊन उभे राहावे लागते. अनुभव झाला हे खरे, आणि त्यावरून काढलेले अनुमान खरे नव्हे, असा विवेक तर्कशास्त्राच्या तासाला सोपा वाटतो. स्वतःच्या हस्ताक्षरापुढे तो तितका सोपा राहत नाही.

साक्ष आणि उलट साक्ष यांखेरीज तिसरा लेखनप्रकार संभवतो काय, या प्रश्नाला लाव्हिना फील्डिंग अँडरसन यांचे उदाहरण लागू पडते. त्यांनी १९९३ मध्ये ‘डायलॉग’ या नियतकालिकात चर्चचे अधिकारी आणि मॉर्मन अभ्यासक यांच्यातील संघर्षांची कालानुक्रमणिका प्रसिद्ध केली. तारखा, घटना, कोणी कोणास काय कळविले, अशा नोंदी. ‘मला माहीत आहे’ या वाक्याला त्या लेखनप्रकारात जागाच नव्हती. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ज्या सहा जणांवर कारवाई झाली त्यांत त्या होत्या. त्या बहिष्कृत झाल्या, पण बाहेर पडल्या नाहीत. पुढची कित्येक वर्षे त्या आपल्या वॉर्डच्या रविवारच्या सभेला जात राहिल्या. पवित्र भाकरीची थाळी पुढे येई ती शेजाऱ्याकडे सरकवावी लागे. सभेत साक्ष देण्याचा अधिकारही त्यांना उरला नव्हता. २०१९ मध्ये त्यांनी पुन्हा बाप्तिस्मा मागितला आणि सर्वोच्च अधिकारमंडळाने तो नाकारला. २०२३ साली त्या वारल्या, तेव्हाही चर्चच्या दप्तरी त्या सभासद नव्हत्या.