पुलाखालची हद्द

पुलगावहून सकाळच्या गाडीनं धामणगावकडे निघालं, की लगेच वर्धा नदीचा पूल लागतो. रुळांचा आवाज बदलतो. कोणी नदीला हात जोडतं, कोणी मोबाइलमधून नुसती मान वर करतं. १८०३ च्या देवगावच्या तहानंतर हीच नदी हद्द होती. अलीकडे नागपूरकर भोसले, पलीकडे निजामाचं वऱ्हाड.

हद्दी हलण्याची आमच्या जिल्ह्याला सवयच आहे. पुलगावात १९४२ साली जन्मलेला कोणीही घ्या. जन्म मध्य प्रांत व वऱ्हाडातला, चौथी झाली ती मध्य प्रदेशात, मॅट्रिक मुंबई राज्यात आणि पहिला पगार महाराष्ट्रात. घर तेच, विहीरही तीच. त्याच वयाचा ताश्कंदचा माणूसही डिसेंबर १९९१ मध्ये घर न सोडता दुसऱ्या देशाचा झाला. सोव्हिएत संघाचे १५ देश झाले. पण त्याचा पासपोर्ट बदलला, नाणं बदललं, सैन्य बदललं.

सोव्हिएत घटनेनं प्रत्येक प्रजासत्ताकाला बाहेर पडायचा हक्क दिलेला होता. तो कोणी खरंच वापरेल, असं लिहिणाऱ्यांना वाटलं नसावं. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत उलट सांगितलं. हा संघ घटकांच्या करारातून झालेला नाही, म्हणून फुटून निघायचा हक्क कोणालाच नाही. राज्यांच्या सीमा बदलायचा अधिकार मात्र तिसऱ्या कलमानं संसदेला दिला. आमच्या मॅट्रिकवाल्याचं राज्य तीनदा बदलूनही देश एकच राहिला, तो असा.

म्हणजे गाऱ्हाणी नव्हती, असं नाही. १९५५ साली फाजल अली आयोगानं विदर्भाचं वेगळं राज्य सुचवलं, त्यात वर्धाही होतं. ते झालं नाही. उरला १९५३ चा नागपूर करार: निधीत, नोकऱ्यांत लोकसंख्येप्रमाणे वाटा आणि वर्षातून एक अधिवेशन नागपुरात. अधिवेशन भरतं. वाट्याचं मात्र विचारू नका. ‘अनुशेष’ हा शब्द पुण्यात परिसंवादात ऐकू येतो, आमच्याकडे चहाच्या टपरीवर.

युगोस्लाव्हिया रक्तात बुडण्याआधी तिथंही असाच हिशेब चालला होता. तिथली तक्रार कमावत्यांची होती. मागास भागांच्या निधीत आम्हीच किती भरायचं, असं स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया विचारत. इथं विचारतो तो कापूस पिकवणारा. चेक आणि स्लोव्हाक १ जानेवारी १९९३ ला एक गोळी न झाडता वेगळे झाले, संघाची बरीचशी मालमत्ता दोनास एक अशी वाटून. सार्वमत घ्यायचं तेवढं नेत्यांनी टाळलं. आमच्या माणसालाही तीन राज्यं मिळाली ती न विचारताच.

पूल संपतो. रुळांचा आवाज पुन्हा नेहमीचा होतो. कोणीतरी झोपेतून विचारतं, “धामणगाव आलं का?”