हिशेब सगळ्यांचा, मग चावी एकाच्याच फोनमध्ये का?

हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात, लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. अमेरिकेतल्या लायगोने १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली गुरुत्वीय लहर टिपली. त्या क्षणाची नोंद आज कुणीही फुकट उतरवून घेऊ शकतो, अगदी साध्या मजकुराच्या फाइलीतसुद्धा. विंडोज असो की लिनक्स, ती उघडते.

आणि याच तालुक्यातल्या एखाद्या बचत गटाचा हिशेब? तो बहुधा कुणा एकाच्या फोनमध्ये असतो. पुष्कळदा तो फोन गटातल्या बाईचा नसतोच. नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो. पैसे बायांचे, वही पुरुषाच्या खिशात! याला तांत्रिक अडचण म्हणणं मला पटत नाही. हा हक्काचा प्रश्न आहे.

‘व्हॉट्सॲपवर सगळं आहे की’ असं उत्तर मिळतं. पण अँड्रॉइड फोनवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअप गुगल खात्यात जातो आणि आयफोनचा आयक्लाउडमध्ये. एकाचा क्लाउड बॅकअप दुसऱ्यावर थेट उघडत नाही. आयक्लाउडचं अँड्रॉइडसाठी ॲपच नाही. ब्राउझरमधून जेवढं दिसेल तेवढ्यावर भागवावं लागतं. मुलाने हौसेने आयफोन घेतला आणि गटाचे कागद त्यात ठेवले, तर साध्या अँड्रॉइडवाल्या बाकीच्या सभासद हात चोळत बसतात.

मराठी माणसाला हे नवं नाही. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव यांच्या काळात एका संगणकावर टंकलेला मजकूर दुसऱ्यावर उघडला की अक्षरांच्या जागी चित्रविचित्र खुणा दिसत. मजकूर आपला, पण वाचायची मुभा फॉन्ट ज्याच्याकडे त्याला. केंद्राने २००९ मध्ये ई-प्रशासनासाठी युनिकोड हे मानक ठरवलं, तरी जुन्या फॉन्टांत अडकलेलं लिखाण सोडवण्याची खटपट अजून संपलेली नाही. एवढं भोगूनही आपण फाइली पुन्हा एकाच कंपनीच्या कुलपात ठेवतो, याला विसराळूपणा म्हणायचं की आळस?

फुकट मिळतं म्हणून निवडणंही महागात पडतं. गुगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक गुगल खातं आता पुसलं जाऊ शकतं. म्हणून खातं सचिवाच्या नव्हे, गटाच्या नावाने काढावं. पासवर्ड दोघींकडे असावा. मजकूर युनिकोडमध्ये, पक्के कागद पीडीएफमध्ये असावेत आणि सगळ्याची एक प्रत पेन ड्राइव्हवर. सेवा अशी निवडा की ती कोणत्याही फोनच्या ब्राउझरमध्ये चालेल आणि उद्या सोडायची झाली तर सगळ्या फाइली एकदम बाहेर काढता येतील. २०१५ मध्ये सुरू झालेला सरकारी डिजिलॉकर अँड्रॉइडवर, आयफोनवर आणि ब्राउझरमध्येही चालतो. मात्र तो व्यक्तीच्या कागदांसाठी आहे, गटाच्या हिशेबासाठी नाही.

पुढच्या मासिक बैठकीत हिशेबाची फाइल सभासदांकडच्या सर्वात स्वस्त स्मार्टफोनवर उघडून बघा. उघडली नाही, तर सेवा बदलण्याचा ठराव त्याच बैठकीत घ्या.