पिंजऱ्यातील अमानत



मराठीतील ‘पाळणे’ हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. आपण वचन पाळतो, आज्ञा पाळतो आणि पक्षीही पाळतो. अल्लाहच्या ‘रब’ या नावाचा अर्थ आपण मराठीत ‘पालनकर्ता’ असा सांगतो. समस्त सृष्टीचे पालनपोषण करणारा तो एकटाच आहे. परंतु एखादा मुका जीव आपण घरी आणतो, तेव्हा त्या एका जिवापुरती अमानत तो आपल्या हाती सोपवतो. वचन न पाळणाऱ्या माणसाला आपण विश्वासघातकी म्हणतो. मग पाळलेल्या पक्ष्याची आबाळ करणाऱ्याला काय म्हणावे, याचा विचार प्रत्येक घराने करावयास हवा.

गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यातील चिचगड हा परिसर जंगलाला लागून आहे. फजरच्या वेळी येथे अजानच्या पाठोपाठ झाडाझाडांवरून पक्ष्यांचे आवाज उठतात. पंख पसरून उडणारे पक्षीही अल्लाहचे स्तवन करतात आणि प्रत्येकाला आपली प्रार्थना ठाऊक आहे, असे पवित्र कुरआन सांगते (सूरह अन-नूर, ४१). त्याच गावात एखाद्या ओसरीवर लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यात लव्हबर्डचे कोवळे पिल्लू बसलेले असते. ईदीच्या पैशांतून मुलांनी हट्टाने आणलेले असते. तेही त्याच पालनकर्त्याचे स्तवन करणाऱ्या समुदायातील आहे. फरक एवढाच की, त्याच्या आणि आकाशाच्या मधोमध आपण एक दार लावले आहे.

बंद दाराचा अर्थ

हजरत उमर (रजि.) यांच्याकडून वर्णित आणि तिर्मिजीत संग्रहित असलेली हदीस आपण अनेकदा ऐकतो. माणसाने अल्लाहवर खराखुरा भरवसा ठेवला, तर सकाळी उपाशी निघून सायंकाळी भरल्या पोटी परतणाऱ्या पक्ष्यांप्रमाणे त्यालाही रोजी मिळेल, असा तिचा आशय आहे. या दृष्टान्तातील पक्षी घरट्यात बसून राहत नाही, तो उडतो आणि शोधतो. त्याचे उडणे हाच त्याच्या भरवशाचा भाग आहे.

पिंजऱ्यातील पक्ष्याला मात्र सकाळी निघता येत नाही. पृथ्वीवरील प्रत्येक जिवाच्या रोजीची जबाबदारी अल्लाहने स्वतःवर घेतली आहे, असे सूरह हूदमध्ये (आयत ६) सांगितले आहे. या पक्ष्याची रोजी त्याच्यापर्यंत पोहोचविण्याचे साधन आता आपला हात आहे. दार बंद करताक्षणी आपण हे काम स्वीकारलेले असते, मग ते आपल्या ध्यानात येवो अथवा न येवो.

एका मांजरीमुळे शिक्षेस पात्र ठरलेल्या स्त्रीची हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. तिने मांजरीला कोंडून ठेवले, खाऊ घातले नाही आणि जमिनीवरचे किडेकीटक शोधून खाण्यासाठी मोकळेही सोडले नाही. तिने मांजरीला मारहाण केल्याचा उल्लेख तेथे नाही. दार बंद करणे आणि मग विसरून जाणे, एवढेच तिच्या हातून घडले. पक्षी पाळणाऱ्या प्रत्येक घराने ही हदीस पिंजऱ्यासमोर उभे राहून आठवावी.

अबू उमैर आणि त्यांचा लहानसा पक्षी

मग पक्षी पाळणेच गैर आहे काय? हजरत अनस (रजि.) यांचे धाकटे बंधू अबू उमैर यांच्याकडे नुगैर नावाचा चिमुकला पक्षी होता. तो मेल्याने बालक खिन्न झाले होते. प्रेषित मुहम्मद (स.) त्या घरी येत, तेव्हा त्यांनी मोठ्या मायेने त्या बालकाकडे त्याच्या नुगैरची विचारपूस केली. या छोट्याशा हदीसवर चौथ्या हिजरी शतकातील शाफई विद्वान इब्नुल कास यांनी स्वतंत्र पुस्तिका लिहून त्यातून साठ बोध काढून दाखविले. मुलाने पक्ष्याशी खेळणे आणि पक्षी पिंजऱ्यात ठेवणे वैध असल्याचा निष्कर्ष विद्वानांनी याच हदीसवरून काढला. त्याला अट एकच : त्याच्या अन्नपाण्याची काळजी घेतली पाहिजे आणि त्याला यातना होता कामा नये.

म्हणजे परवानगी आहे, पण ती जबाबदारीला बांधलेली आहे. ही जबाबदारी केवळ चांगल्या इच्छेने पार पडत नाही. त्यासाठी त्या जिवाची गरज जाणून घ्यावी लागते.

अन्नपाण्याचा हक्क

लव्हबर्ड हा मूळचा आफ्रिकेतील छोटा पोपट. आपल्याकडे बाजारात ऑस्ट्रेलियातील बजरीगर या पक्ष्यालाही सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणूनच विकतात. दोघांची निगा बरीचशी सारखी असली, तरी घेताना नेमका पक्षी कोणता ते विचारून घ्यावे. आफ्रिकी लव्हबर्डच्या काही जातींची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदणी करण्याचा नियम २०२४ पासून लागू आहे. जे पिल्लू अजून स्वतःच्या चोचीने दाणे सोलून खात नाही, ते विकत घेऊ नये. साधारण सहा ते आठ आठवड्यांपर्यंत त्याला भरवावे लागते. अननुभवी हातांनी भरवताना अन्न श्वासनलिकेत जाऊन अशी पिल्ले दगावतात.

अनेक घरांत एक वाटी बाजरी ठेवली की कर्तव्य संपले, असे समजतात. केवळ कोरड्या दाण्यांवर पक्षी जगतो, पण त्याचे पोषण होत नाही. बाजरी, राळे यांसारख्या दाण्यांबरोबर रोज थोडी ताजी हिरवी भाजी द्यावी. शेवग्याचा पाला, कोथिंबीर, मेथी आणि किसलेले गाजर आपल्या स्वयंपाकघरात असतेच. फळाची लहान फोड द्यावी, मात्र सफरचंदाच्या बिया काढून टाकाव्यात. सूर्यफुलाचे बी पक्ष्याला फार आवडते, पण त्यात चरबी जास्त असल्याने ते मोजकेच द्यावे. चुन्यासाठी, म्हणजे कॅल्शियमसाठी, पिंजऱ्यात समुद्रफेनाचा तुकडा अडकवावा. चहा, चॉकलेट, तळलेले व खारट पदार्थ, कांदा, लसूण आणि ॲव्होकॅडो हे त्याला कधीही देऊ नये. लाडाने दिलेला घास त्याच्यासाठी विष ठरू शकतो.

आणखी एक गोष्ट प्रत्येक पालकाने स्वतः तपासावी. लव्हबर्ड दाणा सोलून आतील गर खातो आणि टरफल वाटीतच टाकतो. संध्याकाळी वाटी काठोकाठ भरलेली दिसते. मूल म्हणते, दाणे आहेत. प्रत्यक्षात ती टरफले असतात आणि पक्षी भरल्या वाटीसमोर उपाशी बसलेला असतो. रोज सकाळ-संध्याकाळ वाटीवर फुंकर घालून टरफले उडवावीत आणि खाली किती दाणे उरले ते पाहावे. पाणीही दिवसातून दोनदा बदलावे. रमजानमध्ये घराचे वेळापत्रक बदलते, दुपारी सगळे विसावलेले असतात. रोजा आपला असतो, पक्ष्याचा नव्हे. अशा वेळी त्याची वाटी पाहणे हीदेखील इबादत आहे, कारण प्रत्येक जिवंत प्राण्याच्या सेवेत पुण्य असल्याची शुभवार्ता प्रेषितांनी (स.) दिली आहे.

पिसांची व शरीराची निगा

पक्षी हवेत पंख पसरतात आणि मिटतात, त्यांना तेथे परमदयाळू अल्लाहशिवाय कोणी सावरत नाही, असे सूरह अल-मुल्कमध्ये (आयत १९) सांगितले आहे. पक्ष्याचे पीस ही त्या रहमतची निशाणी आहे. पीसच त्याचे उडणे, त्याची ऊब आणि पावसापासूनचे संरक्षण असते. म्हणून पिसांची अवस्था पक्ष्याचे आरोग्य सांगते.

ठरावीक काळाने जुनी पिसे गळून नवी येतात. तेव्हा डोक्यावर काटेरी खुंटासारखे कोंब दिसतात. ते उपटू नयेत, कारण त्यांत रक्त असते. या काळात आहार अधिक सकस असावा. उथळ ताटलीत स्वच्छ पाणी ठेवल्यास पक्षी आपणहून आंघोळ करतो. साबण किंवा तेल पिसांना कधीही लावू नये. परंतु पक्षी स्वतःच आपली पिसे उपटू लागला, अंगावर उघडी त्वचा दिसू लागली, तर ते दुखणे समजावे. अपुरा आहार, अंगावरील किडे, एकाकीपणा किंवा सततची भीती ही त्याची कारणे असू शकतात.

विदर्भाच्या उन्हाळ्यात पत्र्याखालची ओसरी तापते. चोच उघडी ठेवून धापा टाकणारा, पंख अंगापासून दूर धरणारा पक्षी उष्म्याने बेजार झालेला असतो. पिंजरा सावलीत, वारा खेळेल अशा जागी, पण कूलरच्या थेट झोतापासून दूर ठेवावा. आपल्या घरांत लोबान, ऊद, अगरबत्ती लावण्याची प्रथा आहे. पक्ष्याची फुप्फुसे अतिशय नाजूक असतात. हा धूर आणि डासांच्या कॉइलचा धूर त्याला बाधतो. नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्यातून निघणाऱ्या वायूने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. म्हणून पिंजरा स्वयंपाकघरात ठेवू नये.

पक्षी आपले आजारपण लपवतो. पिसे फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसणे, खाणे सोडणे, श्वासाबरोबर शेपटी हलणे ही चिन्हे दिसताच पशुवैद्यकाला दाखवावे. ‘उद्या बघू’ म्हटल्यास तो उद्यापर्यंत राहीलच असे नाही. घरच्यांनीही पिंजरा साफ केल्यावर हात साबणाने धुवावेत, कारण पोपटवर्गीय पक्ष्यांपासून माणसाला श्वसनाचा विकार होऊ शकतो. नमाजची जागा पिंजऱ्यापासून दूर असावी.

सहवास आणि शांतता

लव्हबर्ड नावाप्रमाणेच जोडीने राहणारा पक्षी आहे. एकटा ठेवला तर त्याला रोज घरच्यांचा सहवास आणि बोलणे मिळाले पाहिजे. रात्री दहा-बारा तास अंधार व शांतता हवी. रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या टीव्हीसमोर टांगलेला पक्षी झोपू शकत नाही. पंख पूर्ण पसरता येतील एवढा तरी पिंजरा मोठा असावा. नीट सांभाळल्यास हा पक्षी दहा-पंधरा वर्षे जगतो. दहा वर्षांच्या मुलाला घेऊन दिलेला पक्षी, मूल कॉलेजात जाईल तेव्हाही वाटीकडे पाहत असेल. तेव्हा त्याचे कोण करील, याचे उत्तर पिंजरा विकत घेण्याआधी द्यावे. लग्नकार्याला किंवा उमरहला जाताना सामानाबरोबर पक्ष्याची व्यवस्थाही ठरवावी.

रानातील पोपट आणि सदक्याचे पक्षी

जंगलालगतच्या गावांतून पोपटाची पिल्ले झाडांच्या ढोलीतून काढून आणण्याची चाल आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार आपल्याकडील पोपट पकडणे, विकणे वा पाळणे हा गुन्हा आहे. आणि कायद्याच्याही आधी एक हदीस आहे. अबू दाऊदमध्ये हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) सांगतात की, प्रवासात सोबत्यांनी एका पक्षिणीची दोन पिल्ले उचलली आणि ती व्याकूळ होऊन पंख फडफडू लागली. हे पाहताच प्रेषितांनी (स.) पिल्ले तिला परत करण्यास सांगितले. ढोलीत हात घालणाऱ्या मुलाला ही हदीस आईने सांगावी.

काही लोक आजारपण वा संकट टळावे म्हणून बाजारातून मुनिया पक्षी विकत घेऊन सदका म्हणून उडवतात. हेतू नेक असेल, पण प्रत्येक खरेदीबरोबर पारधी पुढच्या जाळ्याची तयारी करतो आणि जाळ्यात कित्येक पक्षी मरतात. त्यापेक्षा तेच पैसे भुकेल्या माणसाला द्यावेत किंवा अंगणात उन्हाळाभर पाण्याचे भांडे भरून ठेवावे. तसेच पाळलेला लव्हबर्ड कंटाळा आल्यावर ‘आजाद केला’ म्हणून उडवू नये. त्याला येथे अन्न शोधता येत नाही, शत्रू ओळखता येत नाही. ती मुक्ती नसून मृत्यू आहे. सांभाळणे अशक्य झाले, तर जो नीट सांभाळील अशा घरी द्यावा.

मुलांची तर्बियत

नवेगावचे पक्षी अभयारण्य ज्यांच्या नावाने ओळखले जाते, ते डॉ. सलीम अली (१८९६–१९८७) मुंबईच्या मुस्लिम कुटुंबात वाढले. लहानपणी त्यांनी एक चिमणी छर्ऱ्याच्या बंदुकीने मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, म्हणून त्यांनी मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांना त्याबद्दल विचारले. मामांनी प्रश्न झटकला नाही. भाच्याला मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठविले. तेथून एका मुलाचे कुतूहल आयुष्यभराच्या पक्षिअभ्यासात बदलले.

आपणही मुलांना पिंजरा देऊन बाजूला होऊ नये. वाटी भरण्याचे काम मुलाला द्यावे, पण ती तपासण्याचे काम वडीलधाऱ्यांनी करावे. प्रत्येक जण आपल्या अखत्यारीतील जिवांबद्दल जबाबदार आहे आणि त्याला जाब विचारला जाईल, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. मूल चुकेल, पण जाब मोठ्यांना द्यावा लागेल. आणि सर्व काळजी घेऊनही पक्षी मेला, तर मुलाच्या दुःखाला हसू नये, ‘दुसरा आणू’ म्हणून ते झटकूनही टाकू नये. अबू उमैरच्या दुःखाची विचारपूस अल्लाहच्या अंतिम प्रेषितांनी केली होती.

जमिनीवर चालणारे प्राणी आणि दोन पंखांनी उडणारे पक्षी तुमच्यासारखेच समुदाय आहेत आणि सर्व जण आपल्या पालनकर्त्याकडे एकत्र केले जातील, असे कुरआन सांगते (सूरह अल-अनआम, ३८). ज्या घरात पिंजरा आहे, त्या घराने आज वाटीवर एकदा फुंकर घालून पाहावी. ज्या घराला हे रोज करणे जमणार नाही, त्याने पिंजरा आणू नये. पक्ष्यांसाठी अंगणातले झाड आणि पाण्याचे भांडे पुरेसे आहे.

अल्लाह आपल्या अखत्यारीतील प्रत्येक जिवाशी दयेने वागण्याची सद्बुद्धी आपणा सर्वांना आणि आपल्या मुलाबाळांना देवो. आमीन.