आजच्या पिठाची भाकर

ज्वारीचं पीठ फार दिवस राहिलं की त्याची विरी जाते. मग कितीही मळा, भाकरी थापताना कडेला चिरा पडतात आणि उचलायला गेलं की मधोमध तुटते. म्हणून आमची आजी दळण चार-पाच दिवसांपुरतंच आणायला लावायची. कणगीत ज्वारी वर्षाची, डब्यात पीठ आठवड्याचं, परातीत फक्त आजचं. नगरकडच्या ख्रिस्ती घरातली बाई ती. पहिला गोळा मळताना प्रभूची प्रार्थना पुटपुटायची. रोजच्या भाकरीची मागणी आली की तिचा हात क्षणभर थांबायचा. मला वाटायचं, तवा तापला का ते बघतेय.

देवावर भरवसा ठेव, हे ऐकतच आम्ही वाढलो. पण हा भरवसा किती दिवसांचा ठेवायचा, हे कुणी सांगितलं नाही. ते त्या भाकरीच्या मागे जाऊन शोधावं लागलं.

माग लागतो तो थेट रानात. मिसरात फारोसाठी कोठारांची नगरं बांधणारे इस्राएली लोक गुलामीतून सुटले आणि कोठारच नसलेल्या जागी येऊन पडले. निर्गमच्या १६व्या अध्यायात सकाळी जमिनीवर मान्ना पडतो. माणशी एक ओमर, तोही त्या दिवसापुरता. उद्यासाठी राखून ठेवलेल्यात किडे पडले. मात्र सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायला सांगितलं होतं आणि शब्बाथासाठी ठेवलेला तो वाटा नासला नाही. म्हणजे साठवण्याला बंदी नव्हती. भीतीपोटी केलेला साठा तेवढा टिकला नाही.

येशूने शिष्यांना प्रार्थना शिकवली तेव्हा हीच सकाळ तिच्यात आली. तिथे भाकरीसाठी जे ग्रीक विशेषण आहे, ते इतकं दुर्मीळ आहे की तिसऱ्या शतकातल्या ओरिगेनला तो शब्द शुभवर्तमानकारांनीच घडवला असावा असं वाटलं. चौथ्या शतकाच्या अखेरीस लॅटिन भाषांतर करताना जेरोमने लूकमध्ये तो ‘रोजची’ असा घेतला आणि मत्तयमध्ये ‘भौतिकाच्या पलीकडची’ असा. इब्री शुभवर्तमानात या जागी ‘उद्याची’ असा अर्थ आढळतो, हेही त्याने नोंदवून ठेवलं. आजची, उद्याची की स्वर्गाची? विद्वानांचा वाद अजून मिटलेला नाही. पण प्रार्थनेत ‘मला’ नाही, ‘आम्हांला’ आहे, याबद्दल वाद नाही.

१५२९ साली मार्टिन ल्यूथरने आपल्या लहान प्रश्नोत्तरीत ही भाकर मोठी केली. अन्न-वस्त्र, घरदार आणि शेत तर तिच्यात आलंच. शिवाय चांगला जोडीदार, नीट चालणारं सरकार, बरं हवामान आणि भले शेजारीही आले. संसारातली एकही काळजी देवाला सांगण्याइतकी क्षुल्लक राहिली नाही.

आपल्याकडे या विचाराची कसोटी लागली ती केडगावच्या माळावर. पंडिता रमाबाईंनी १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आई-वडील आणि बहीण गमावली होती. भूक त्यांना पुस्तकातून शिकायची नव्हती. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरने कुणापुढे हात न पसरता केवळ प्रार्थनेच्या बळावर अनाथालयं चालवली, हे त्यांनी वाचलं आणि हिंदुस्थानात असा भरवसा जमेल का, असा प्रश्न त्यांना पडला. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली आणल्या. अमेरिकेतल्या हितचिंतकांनी दिलेली दहा वर्षांच्या मदतीची हमी तेव्हा संपत आली होती. रमाबाईंनी प्रार्थना केली आणि विहिरीही खणल्या. शेती, विणकाम, छापखाना उभा केला. मुलींच्या हाती काम आलं. भरवसा आणि कुदळ यांत त्यांना विरोध दिसला नाही.

पण मागितलेलं सगळंच मिळतं, असंही त्यांचं आयुष्य सांगत नाही. १९२१च्या जुलैमध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. रमाबाई बायबलच्या मराठी भाषांतराचं काम करत राहिल्या आणि एप्रिल १९२२मध्ये त्याही गेल्या. दुःखाचं उत्तर त्यांना मिळालं होतं का, कोण जाणे. त्या दिवशीचं काम मात्र त्यांनी त्या दिवशी केलं.

गेल्या वर्षी घरात एका तपासणीचा रिपोर्ट यायचा होता. सोमवारी नमुना दिला, गुरुवारी कळणार होतं. त्या तीन दिवसांत मी मनातल्या मनात पाच वर्षं जगून घेतली: ऑपरेशन, खर्च, घराचे हप्ते, मुलांची शिक्षणं. प्रार्थनेला बसलो की त्या पाचही वर्षांचा भरवसा एकदम मागायचो, आणि तो काही यायचा नाही. विम्याचे कागद शोधून ठेवले, सुट्टीचा अर्ज टाकला. ती कणगीतली ज्वारी होती, भरून ठेवायलाच हवी. पण पाच वर्षांची भाकर आज थापता येत नाही, हे बुधवारी संध्याकाळी लक्षात आलं, आणि आजीचा तो थांबलेला हात आठवला.

स्वयंपाकघरात पिठाचा डबा रिकामा होता. दोन किलो ज्वारी पिशवीत भरली आणि गिरणी बंद व्हायच्या आत निघालो.