पाणलोटाची वर्गणी

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला अवघा 73. गिरगाव, लालबाग, परळ, दादर या दोन आकड्यांच्या मधे येतात. एवढ्याशा शहरात पाऊस इतका बदलत असेल, तर इथल्या प्रत्येक शाळेच्या गच्चीवर पर्जन्यमापक हवं आणि सकाळी साडेआठला ते वाचणारी मुलं हवीत.

पाणलोट म्हटलं की आपल्याला राळेगणसिद्धी, हिवरेबाजार आठवतं. दादर-परळमधलं हिंदमाता आठवत नाही. पण हिंदमाताही पाणलोटच आहे. जुन्या बेटांमधली दलदल भरून केलेली ही सखल जमीन. आजूबाजूचं पाणी उतरून इथेच येतं. त्याला पूर्वेकडे रे रोडच्या ब्रिटानिया उदंचन केंद्रापर्यंत जायचं असतं आणि नेमकी भरती असली की ते अडतं. म्हणून महापालिकेने उद्यानाखाली आणि मैदानाखाली साठवण टाक्या बांधल्या. गुडघाभर पाण्यातून घरी जाणाऱ्या मुलांना हे शाळेत कळायला नको का? नववी-दहावीला ‘जलसुरक्षा’ हा विषय आहे, पुस्तकही आहे. पण पुस्तकातलं पाणी मोजता येत नाही.

मोजणं अवघड नाही. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शाळेची गच्ची 300 चौरस मीटर धरली, तर 50 मिलिमीटरच्या सरीत तिच्यावरून 15,000 लिटर पाणी उतरतं. सांताक्रूझच्या त्या दिवसाचा पाऊस तिच्यावर पडला असता तर पावणेतीन लाख लिटरच्या वर. हा गुणाकार सातवीतली मुलगी फळ्यावर करते, मग पन्हळीखाली जाऊन पाणी कुठल्या जाळीत शिरतं ते बघते, आणि तिथून पुढे गल्लीतला उतार शोधत जाते. पाणलोटाचं विज्ञान असं सुरू होतं.

पैशाची अडचण मापकापाशी नाही, ती पुढच्या वर्षांपाशी आहे. देणगीदाराला वस्तू देणं आवडतं: पेटी, संगणक, फलक. पण दोन पावसाळ्यांच्या नोंदीवरून काहीच सांगता येत नाही, दहा पावसाळ्यांची नोंद मात्र बोलू लागते. तेवढा काळ खर्च असतो तो माणसांवर. सुट्टीतही नोंद चुकू न देणारा कुणीतरी, दर जूनला नव्या शिक्षकांना तयार करणारा कुणीतरी. कंपनी कायद्यातल्या दोन टक्के सामाजिक निधीचा चालू प्रकल्पही सुरुवातीचं वर्ष सोडून तीन वर्षांतच संपवावा लागतो. तिथे पाऊस समजायला लागेपर्यंत निधीची मुदत सरते. अमेरिकेत चेसापीक उपसागराच्या पाणलोटासाठी 2002 पासून शाळांना सरकारी अनुदान मिळू लागलं, पण अंदाजपत्रकात तेही बंद करण्याचे प्रस्ताव येऊन गेले आहेत. एकाच दात्यावर विसंबणं धोक्याचं, मग तो दाता सरकार का असेना.

या शहराला पाण्यासाठी दान नवं नाही. सी. पी. टँक हे नाव कावसजी पटेलांच्या तलावाचं. 1860 मध्ये विहारचं पाणी नळाने आलं, पुढे हिवतापाच्या भीतीने तलाव बुजवले गेले. दात्यांची नावं रस्त्यांना राहिली, पाण्याची समज मात्र कुणी पुढे दिली नाही. म्हणून मला आशा वाटते ती वर्गणीची. केशवजी नाईक चाळीचा गणेशोत्सव 1893 पासून, चिंचपोकळीचा 1920 पासून, लालबागच्या राजाचा 1934 पासून चालू आहे. पिढ्या बदलल्या, गिरण्या बंद पडल्या, पावती पुस्तकं मात्र थांबली नाहीत. दर वर्षी, थोडं थोडं, न चुकता: विज्ञानाला नेमका असाच पैसा लागतो. मंडळांनी आपल्या वॉर्डातल्या एकेका शाळेची नोंद निदान दहा वर्षांसाठी पत्करावी. रक्कम छोटी असली तरी चालेल, खंड पडता कामा नये.

आणि त्या रकमेतला अर्धा वाटा मुंबईबाहेर जावा. आपल्या नळाचा खरा पाणलोट शहापूर तालुक्यात आहे. भातसा, तानसा, वैतरणा तिकडे. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर धावतात. लालबागच्या मुलांना दादरहून कसारा लोकलने आसनगावपर्यंत नेता येतं. तिकीट फार नाही. पण तिथल्या शाळांनाही मापक, शिक्षक आणि तीच दहा वर्षं मिळायला हवीत, आणि दोन्हीकडच्या वह्या दर दिवाळीच्या सुट्टीआधी एकमेकींशेजारी ठेवून वाचल्या जायला हव्यात.