‘अब्बा, तुम्ही परत याल ना?’

बोईसरमधील ज्या घरांतून रात्रपाळीचा डबा बाहेर पडतो, तेथे दारात उभे असलेले लेकरू कधी ना कधी हा प्रश्न विचारतेच. वाचकहो, हा प्रश्न पोरकट नाही. ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी तारापूर औद्योगिक वसाहतीतील एका रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन माणसे दगावली आणि त्याचा आवाज कित्येक किलोमीटरपर्यंत पोहोचला. त्याआधी, नोव्हेंबर २०१८ पासून, आपल्याच पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरी भागात भूकंपाचे धक्के बसू लागले होते. धुंदलवाडी परिसरातील कुटुंबांनी हिवाळ्याच्या रात्री घराबाहेर काढल्या. पायाखालची जमीन हलते, हे तिथल्या मुलांनी पुस्तकात वाचण्याआधी अनुभवले.

अशा वेळी आपण मुलाला काय सांगतो? ‘काही झाले नाही, झोप.’ किंवा, ‘मुसलमानाचा मुलगा असून घाबरतोस?’ पहिले उत्तर असत्य आहे; तावदाने थरथरलेली त्याने स्वतः ऐकलेली असतात. दुसरे त्याहून घातक, कारण ते भीतीलाच ईमानाची उणीव ठरवते. मग मूल घाबरायचे थांबत नाही, फक्त सांगायचे थांबते.

हिरा गुहेतील पहिल्या दिव्य प्रकटनानंतर प्रेषित मुहम्मद (स.) थरथरत घरी परतले, पांघरूण घालण्यास त्यांनी सांगितले आणि आपल्या जिवाची वाटणारी धास्ती हजरत खदीजा (रजि.) यांच्यापाशी बोलून दाखवली. हजरत याकूब (अलै.) यांनी पुत्रवियोगात ‘सुंदर सब्र’ हाच आपला मार्ग असल्याचे म्हटले, तरीही शोकाने त्यांचे डोळे पांढरे झाले, असे दिव्य कुरआनच सांगतो. मुलांनी त्याबद्दल टोकले, तेव्हा त्यांनी आपली व्यथा अल्लाहपाशीच मांडत असल्याचे सांगितले, आणि लगोलग त्याच मुलांना यूसुफ व त्याच्या भावाच्या शोधासाठी पाठवले. अश्रू आणि शोध, दोन्ही एकाच सब्रमध्ये मावतात. सब्र म्हणजे दगड होणे, ही समजूत आपल्या घरांत कुठून आली, कोण जाणे.

याचा अर्थ आईवडिलांनी आपली सारी घालमेल लेकराच्या ओंजळीत ओतावी असा मुळीच नाही. प्रेषित (स.) आपल्या सहचारिणीकडे गेले होते. वडिलांची धास्ती ऐकण्यास पत्नी आहे, वडीलधारी आहेत, रात्रीच्या नमाजमधील सजदा आहे. ज्याने आपले मन तिथे हलके केले, तोच मुलासमोर शांतपणे म्हणू शकतो, ‘हो, मलाही भीती वाटली. आता आपण काय करायचे ते पाहू.’ जमीन हलली तर टेबलाखाली डोके झाकून बसायचे. वायूचा वास आला तर वाऱ्याच्या दिशेने पळायचे नाही, वाऱ्याला आडवे जाऊन दूर व्हायचे. हे शिकवणे तवक्कुलच्या विरोधात जात नाही. उंट बांधून मग अल्लाहवर विसंबण्याची शिकवण आपल्याला ठाऊकच आहे.

आणि ऐकण्यासाठी प्रसंग मोठाच असावा लागत नाही. हजरत अनस (रजि.) यांचा धाकटा भाऊ अबू उमैर याचा लहानसा पक्षी मेला, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्या उदास बालकाला त्याच्या पक्ष्याविषयी आपुलकीने विचारले. ज्यांच्या खांद्यावर अवघ्या उम्मतचा भार होता, त्यांना एका चिमणीएवढ्या दुःखासाठी सवड होती.

उरतो दारातला प्रश्न. ‘नक्की येईन’ असे वचन कोणता बाप देऊ शकतो? खरे उत्तर ‘इन्शाअल्लाह’ हेच. पण सायकल मागितली तर ‘इन्शाअल्लाह’, सहलीचे विचारले तर ‘इन्शाअल्लाह’. टाळाटाळीसाठी आपण हा पवित्र शब्द इतका झिजवला आहे की मुलाला त्यात नकारच ऐकू येतो. मग रात्रपाळीला निघताना तोच शब्द त्याला धीर कसा देणार? म्हणून सायकल घ्यायची नसेल तर ‘नाही’ म्हणावे आणि मुलाला रडू द्यावे. रात्री डबा उचलताना दोन मिनिटे खाली बसावे, त्याच्या डोळ्यांत पाहावे आणि म्हणावे, ‘इन्शाअल्लाह, सकाळी येईन. आजची दुआ तू मागशील का?’