आज काय करायचं?

दिवाळीच्या सुट्टीआधी मुलीच्या शाळेतून सूचना आली : ‘विनाअग्नी पाककला स्पर्धा. पालकांनी साहित्य घरून तयार करून पाठवावे.’ मुलगी सात वर्षांची. मी काकडी किसून दिली, बटाटे उकडून दिले, चटणी वाटून डबीत भरली. तिने शाळेत जाऊन ते ब्रेडवर पसरलं आणि वर टोमॅटोचं फूल ठेवलं. प्रमाणपत्र घेऊन घरी आली ती थेट ओट्याशी. म्हणाली, “आता मी पोळी करते.” तव्यावर पोळी फुगत होती, कुकरची तिसरी शिट्टी व्हायची होती, आणि माझ्या तोंडून आपोआप गेलं, “आत्ता लुडबुड नको गं.”

ती निमूट बाहेर गेली. तो शब्द मात्र माझ्यापाशी राहिला.

मुलांना सोबत घेऊन स्वयंपाक करावा, हे आता सगळेच सांगतात. मुलं भाज्या खायला लागतात, हाताला वळण लागतं, मोबाइल थोडा वेळ सुटतो. ते खरंच आहे, आणि ते मी पुन्हा सांगत बसत नाही. मला छळतो तो लुडबुड आणि हातभार यांतला फरक. पोळ्या लाटताना आपण मुलाच्या हाती कणकेचा एक गोळा देतो. ते तो मळतं, राखाडी होईपर्यंत मळतं, आणि मग आपण तो गुपचूप टाकून देतो. ही लुडबुड आहे, पण मुलाने केलेली नाही. आपणच त्याला करायला लावलेली. त्याच मुलाने सोललेल्या चार पाकळ्या लसूण फोडणीत पडल्या, तर तो हातभार. मग मी एक कसोटी ठरवली : हे काम मुलाने केलं नाही, तर रात्रीच्या ताटात काही उणं राहील का? त्या स्पर्धेत काहीच उणं राहिलं नसतं. माझा राग होता तो याचाच.

कसोटी ठरली तसा स्वयंपाकही बदलला. आठवड्यातले चार दिवस साधं रात्रीचं जेवण तिघांनी मिळून करायचं ठरवलं : मी, मुलगी आणि अकरा वर्षांचा मुलगा. खिचडी, थालीपीठ, पिठलं-भात, कधी नुसती मेथीची भाजी आणि पोळ्या. मेथी निवडणं मुलीकडे. भाजलेले दाणे चोळून सालं फुंकायची आणि कूट करायचा, हेही तिच्याकडे. तिने कूट केला नाही तर त्या दिवशी काकडीची कोशिंबीर नाही. थालीपिठाला मधोमध भोक पाडायचं आणि त्यात तेल सोडायचं. भोक तिचं, तेल माझं. कुकरला मुलांनी हात लावायचा नाही. फोडणी मुलाची, मी शेजारी उभी. मोहरी तडतडेपर्यंत थांबायचं, हिंग-हळद त्यानंतर, कारण हळद आधी घातली तर करपते, हे त्याला एकदा करपलेल्या वरणानेच शिकवलं. खिचडीला पूर्वी पाऊण तास लागायचा, आता सव्वा तास लागू लागला.

इथे वाटीबद्दल थोडं लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. माझी आई भाताचं पाणी बोटाच्या पेराने बघायची. तांदळावर बोट टेकवायचं, पहिल्या पेरापर्यंत पाणी आलं की पुरे. मुलीने तसंच केलं, आणि तिचं पेर केवढंसं, त्यामुळे भात फडफडीत राहिला. तिचं काहीच चुकलं नव्हतं. ते माप मोठ्या माणसाच्या हातावर बेतलेलं होतं. ‘चिमूटभर’ही तसंच, ‘अंदाजाने’ही तसंच. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ 1970 साली आलं, तेव्हा त्यातल्या वाटी-चमच्याच्या मापांनी केवढी सोय केली, ते हाताशी सासू किंवा आई नसलेल्या मुलींनाच ठाऊक. माझ्या मुलीला ती सोय वेगळ्याच वाटेने सापडली. आमच्याकडे एक पोचे आलेली स्टीलची वाटी आहे. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मुगाची डाळ, साडेचार वाट्या पाणी. एके दिवशी ती वाटी घासायला पडली होती म्हणून तिने दुसरी, लहान वाटी घेतली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “सगळं याच वाटीने घेतलं तर चालेल ना? थोडी होईल, पण तशीच होईल.” गुणोत्तर शाळेत यायला तिला अजून काही वर्षं आहेत.

अशी मी समाधानात होते, आणि मावशी महिनाभर राहायला आली.

मावशी चौऱ्याहत्तर वर्षांची, मास्तरीण म्हणून निवृत्त झालेली. चौथ्या दिवशी तिने मुलीला दाणे सोलताना पाहिलं आणि मला आत बोलावून विचारलं, “त्या पोरीला कशाला जुंपतेस?” मी माझी कसोटी सांगितली. ती म्हणाली, “आठव्या वर्षी मला चुलीपुढे बसवलं. पाच माणसांच्या भाकऱ्या थापायचे. धूर डोळ्यांत जायचा आणि वही पाटाखाली ठेवलेली असायची. आम्ही धडपडून शिकलो, नोकऱ्या केल्या, त्या तुमच्या मुलींनी पुन्हा ओट्याशी उभं राहावं म्हणून?”

मी म्हटलं, “मावशी, मुलगाही करतो. फोडणी त्याचीच असते.”

“आज करतो. दहावीला आला की अभ्यास आहे म्हणून त्याला तू उठवशील. तिला उठवशील का, हे आत्ताच मनाशी ठरव.”

मी गांधीजींची नई तालीम काढली. 1937 साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत ती मांडली गेली आणि पुढे सेवाग्रामच्या शाळेत स्वयंपाकघर हा शिक्षणाचाच भाग होता, हे मी तिला सांगितलं. ती हे सगळं माझ्याहून आधी वाचून बसलेली. म्हणाली, “तिथे मोठी माणसंही पाणी भरत होती, संडास साफ करत होती. आमच्याकडे नाना पाटावर बसून भाकरीची वाट बघायचे. ते आणि हे एका माळेत ओवू नकोस.”

ते बोलणं मला लागलं, कारण माझी कसोटीच त्याने मोडली होती. मावशीने भाकऱ्या थापल्या नसत्या तर पाच ताटं उणी राहिली असती. म्हणजे माझ्या हिशेबाने आठ वर्षांच्या त्या मुलीचं राबणं हा उत्तम हातभार ठरत होता. लुडबुड आणि हातभार यांत फरक करताना, हातभाराच्या पलीकडे राबणं असतं आणि ते बाहेरून अगदी हातभारासारखंच दिसतं, हे माझ्या ध्यानीच आलं नव्हतं. ‘मुलगाही करतो’ एवढ्याने ते झाकत नाही. दोघांनाही जुंपता येतं.

मग नेमकं वेगळं काय? त्या रात्री मला जपानमधली एक शाळा आठवली. कागावा प्रांतातल्या ताकिनोमिया प्राथमिक शाळेत काझुओ ताकेशिता या मुख्याध्यापकांनी 2001 साली ‘डब्याचा दिवस’ सुरू केला. पाचवी-सहावीच्या मुलांनी आपला डबा स्वतः करून आणायचा आणि आईवडिलांनी हात लावायचा नाही. डब्यात काय असेल ते मुलाने ठरवायचं, खरेदी त्याने करायची, शिजवायचं त्याने, भरायचं त्याने, भांडीही त्यानेच आवरायची. यातलं शिजवणं तेवढं माझ्या आधी लक्षात राहिलं होतं. आता मन अडलं ते पहिल्या शब्दांपाशी : काय असेल ते मुलाने ठरवायचं.

स्वयंपाक करणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. लाटण्या-भाजण्यापेक्षा जास्त दमवतो तो ‘आज काय करायचं?’ हा प्रश्न. कोणती भाजी उद्यापर्यंत टिकणार नाही, सकाळची उसळ उरली आहे का, सासऱ्यांना गोड चालत नाही, मुलाला वांगं नको, उद्यासाठी काय भिजत घालायला हवं. हा प्रश्न मी पुरता माझ्यापाशी ठेवला होता. निवडणं, सोलणं, कुटणं मुलांना दिलं आणि त्यालाच ‘मिळून स्वयंपाक’ म्हणत राहिले. हातांची कामं वाटून झाली होती, पण घराचा विचार एकटी मीच करत होते. आणि ज्याला विचारात घेतलेलं नाही त्याच्या हाताला काम देणं, हेच तर मावशीच्या वाट्याला आलं होतं.

म्हणून मंगळवार मुलांना दिला. पहिल्या मंगळवारी मुलाने पिठलं ठरवलं. डब्यात बेसन नाही हे त्याला तवा तापल्यावर कळलं; पळत जाऊन दुकानातून घेऊन आला. दुसऱ्या मंगळवारी मुलीने शेवयांची खीर आणि पोळी सांगितली, मग स्वतःच थांबून म्हणाली, “पण आजोबा काय खाणार?” आणि त्यांच्यासाठी दुधीची भाजी आठवली. पुढच्या वेळी मुलाने सांगितलं, आज कंटाळा आलाय, दहीपोहे खाऊ. आम्ही दहीपोहे खाल्ले. मला तर तेच सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं. कंटाळा आलाय म्हणायची सोय मावशीला नव्हती.

मावशी निघायच्या आदल्या दिवशीही मंगळवारच होता. मुलगी तिच्याजवळ गेली आणि म्हणाली, “मावशीआजी, आज काय करायचं?”

मावशीने चष्मा काढला. “मला काय विचारतेस बाळ? तुम्ही कराल ते.”

“नाही, तू सांग.”

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “मुगाची धिरडी. शेजारच्या वहिनींकडे एकदा खाल्ली होती लहानपणी. नानांना आवडत नसत, म्हणून आमच्या घरी कधी झाली नाहीत.”

“पण मूग भिजवायला लागतात,” मुलगा म्हणाला. “आज नाही होणार. तू उद्या जेवून संध्याकाळच्या गाडीने जा.”

मुलगी स्टुलावर चढून मुगाचा डबा काढत होती. तिथूनच तिने विचारलं, “किती वाट्या?”